ऑर्लेआँ : जुने आणि नवे

श्रोतेहो, आजच्या भाषणाची सुरुवात मी एका उत्तरपत्रिकेपासून करणार आहे.

आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला युरोपच्या इतिहासाचा पेपर असतो. त्यात एक प्रश्न होता : जोन ऑफ आर्क हिने ज्या शहराचा वेढा उठवला ते शहर सोबतच्या नकाशात दाखवा. नकाशा जगाचा होता. बहुतेकांनी फ्रान्सच्या पोटात कुठेतरी टिंब दिले होते. एका मुलाने मात्र टिंब दिले ते थेट अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ! शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘ऑर्लिअन्स’.

पेपर वाटताना मी हा प्रकार वर्गात सांगितला. नाव घेतलं नाही, पण हसलो. आणि मास्तर हसला की वर्ग हसतोच. तास संपल्यावर तो मुलगा माझ्यामागोमाग खोलीत आला. म्हणाला, “सर, ते टिंब माझं. नकाशाच्या पुस्तकात तेच नाव होतं, म्हणून दिलं.”

मी म्हटलं, “अरे, ते न्यू ऑर्लिअन्स. नवं. जुनं फ्रान्समध्ये आहे.”

त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, “म्हणजे तिकडची माणसं उठून हिकडं आली व्हय सर? त्यांचं गाव पाण्यात गेलं का?”

या वेळी मला हसू आलं नाही. हा मुलगा उजनी धरणाच्या बाजूचा. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले, आणि त्याच्या आजोबांचे गाव त्या पाण्याखाली गेले. माणसे वर माळावर येऊन राहिली आणि येताना गावाचे नाव बरोबर घेऊन आली. त्यामुळे ‘नवे’ म्हटले की जुने बुडालेले असणार, हा त्याचा हिशेब. त्याच्या जगात नावे अशीच प्रवास करतात. मी त्याला म्हटलं, “नीट वाचून सांगतो.” आज आपल्यापुढे मांडतो आहे ते त्या वाचनाचे फळ.

प्रथम जुन्या गावाकडे जाऊ. फ्रान्समधली लांबच लांब नदी ल्वार. ती उत्तरेकडे चढत जाते आणि एके ठिकाणी मोठे वळण घेऊन पश्चिमेला समुद्राकडे निघते. त्या वळणावर, पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर हे शहर आहे. फ्रेंच लोक त्याला ‘ऑर्लेआँ’ म्हणतात. लिहिताना शेवटी ‘स’ लिहितात, बोलताना मात्र तो गिळतात. या न बोलल्या जाणाऱ्या ‘स’ची गोष्ट मोठी मौजेची आहे, ती ओघाने येईलच.

पण या गावाचे मूळ नाव ऑर्लेआँ नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे कार्न्यूत नावाच्या गॉल जमातीची वस्ती होती आणि गावाचे नाव होते सेनाबुम. नदीवर पूल होता, धान्याचा मोठा व्यापार होता. इसवी सनापूर्वी ५२ मध्ये कार्न्यूतांनी रोमविरुद्ध उठाव केला आणि गावात असलेले रोमन व्यापारी कापून काढले. सीझर चालून आला. लोक रात्रीच्या अंधारात पुलावरून पळू लागले. पण पूल अरुंद, गर्दी मोठी, फार थोडेच निसटले. सीझरने गाव लुटले आणि जाळून टाकले. ही हकीकत खुद्द सीझरनेच आपल्या गॉलच्या युद्धावरील ग्रंथात नोंदवली आहे, तीही अगदी थंडपणे.

गाव पुन्हा वसले. तिसऱ्या शतकाच्या अखेरीला त्याला नवे नाव मिळाले. हे नाव रोमन सम्राट ऑरेलियन याच्यावरून पडले, असे सर्वसाधारण मत आहे. ऑरेलियन हा साध्या घरातून वर आलेला सैनिक. त्याने २७० ते २७५ अशी अवघी पाच वर्षे राज्य केले. पण तेवढ्यात फुटून निघालेला गॉल प्रांत साम्राज्याला परत जोडला आणि रोमभोवती तट बांधायला घेतला. शेवटी त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याचा खून केला. सम्राट गेला, साम्राज्यही गेले. नाव मात्र ल्वारच्या काठावर राहून गेले.

आता त्या ‘स’कडे वळू. लॅटिनमध्ये गावाचे नाव वाक्यात वापरताना त्याला विभक्तीचा प्रत्यय लागे. ‘ऑरेलियानिस’ म्हणजे साधारण ‘त्या गावी’. लोकांच्या तोंडी हेच प्रत्यय लागलेले रूप बसले, आणि पुढे प्रत्ययासकट तेच गावाचे नाव झाले. आपल्याकडे कोणी ‘पुण्यास जातो, पुण्यास राहतो’ असे म्हणता म्हणता गावाचे नावच ‘पुण्यास’ होऊन बसावे, तसा हा प्रकार! दोन्हीकडे ‘स’ आहे हा निव्वळ योगायोग, पण समजायला सोयीचा. पॅरिस आणि रँस या नावांच्या शेवटी असलेला ‘स’ही असाच आला आहे. पुढे ऑरेलियानिस झिजत झिजत ऑर्लेआँ झाले. दरबाराने दिलेले नाव बाजारात आले की त्याचे असे होते. हुकूम वर कोरलेला असतो, पण खाली जिभा आपले काम करीत असतात.

मध्ययुगात या नावाला दुसरा जन्म मिळाला. १३४४ मध्ये फ्रान्सच्या राजाने आपल्या धाकट्या मुलाला ‘ऑर्लेआँचा ड्यूक’ ही पदवी दिली. तेव्हापासून राजाचा धाकटा मुलगा किंवा धाकटा भाऊ म्हटला की ही पदवी, असा प्रघात पडत गेला. गाव आपल्या जागी राहिले. नाव मात्र एका घराण्याच्या अंगरख्याला चिकटून हिंडू लागले. पुढे ते समुद्रापार गेले ते या अंगरख्याबरोबर. हे ध्यानात ठेवा.

मधल्या काळात गावावर जे मोठे संकट आले, ते आपल्याला जोनच्या कथेतून ठाऊक आहे. १४२८ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी ऑर्लेआँला वेढा घातला. त्या वेळी ऑर्लेआँचा ड्यूक, शार्ल, गावात नव्हताच. तो १४१५ च्या आझँकूरच्या लढाईत पकडला गेला होता आणि इंग्लंडात कैदेत बसून कविता लिहीत होता. त्याची सुटका झाली १४४० मध्ये. म्हणजे नावाचा धनी परदेशी कैदेत, आणि नावाचे गाव वेढ्यात! अशा वेळी दोंरेमी नावाच्या दूरच्या खेड्यातली सतरा वर्षांची एक शेतकऱ्याची पोर आली. २९ एप्रिल १४२९ ला ती गावात शिरली, ८ मे रोजी वेढा उठला, आणि दोन दिवसांत ती पुढच्या कामाला निघूनही गेली. पुढे १४३१ मध्ये रूआँ येथे तिला जिवंत जाळण्यात आले. त्या वेढ्यात ती गावात राहिली ती जेमतेम दहा-बारा दिवस. पण ‘ऑर्लेआँची कन्या’ म्हटले की आज पाचशे नव्वदांहून अधिक वर्षांनीही तीच डोळ्यांपुढे येते. कितीतरी ड्यूकांनी हे नाव जन्मभर मिरवले. त्यांतले आपल्याला आठवतात किती? दरवर्षी ८ मे रोजी ऑर्लेआँत मिरवणूक निघते, ती जोनची. ड्यूकाची नव्हे.

आता मुलाचा दुसरा प्रश्न. हे नाव अमेरिकेला कोणी नेले?

१७१५ मध्ये चौदावा लुई वारला. त्याचा वारस पंधरावा लुई पाच वर्षांचा पोर. म्हणून राज्यकारभार पाहण्यासाठी रीजंट नेमला गेला, आणि तो होता ऑर्लेआँचा ड्यूक फिलिप. खजिना रिकामा होता. त्याच सुमाराला जॉन लॉ नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ पॅरिसला येऊन कागदी पैशाची आणि मिसिसिपीकाठच्या संपत्तीची स्वप्ने विकत होता. १७१७ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये कागदावर ठरले की मिसिसिपीवर एक गाव वसवायचे आणि त्याला रीजंटाच्या पदवीवरून ‘नूव्हेल ऑर्लेआँ’ म्हणायचे. १७१८ मध्ये ब्यांव्हिल नावाच्या अधिकाऱ्याने नदीच्या वळणावर, मुखापासून सुमारे शंभर मैल वर, झाडी तोडायला सुरुवात केली.

क्रम बघा. आधी नाव, मग गाव! तिथे एक झोपडीही उभी नव्हती तेव्हा नावाचा कागद तयार होता. ऑर्लेआँतून कोणी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले नव्हते. ते गाव बुडालेही नव्हते, जळालेही नव्हते. ज्याच्या पदवीवरून नाव ठेवले त्या फिलिपने ती नदी जन्मात पाहिली नाही. मुलाचा तर्क इथे साफ चुकला होता. हे नाव माणसांनी नेले नव्हते. ते एका पदवीने नेले होते, आणि त्यामागे खुशामत होती.

१७२१ मध्ये पोझे नावाच्या इंजिनिअराने रस्ते आखले. त्यांची नावेही त्याच मासल्याची : बूर्बाँ हे राजघराणे, काँती आणि तूलूज हे राजपरिवारातले, आणि शार्त्र ही रीजंटाच्या मुलाची पदवी. आज त्या ‘बर्बन स्ट्रीट’चे नाव ऐकून पुष्कळांना दारू आठवते, खरे पाहता आठवायला हवे ते राजघराणे! आणि शार्त्र? हेही फ्रान्समधल्या एका गावाचे नाव, आणि ते आले आहे कार्न्यूत या जमातीच्या नावावरून. सीझरने ज्यांचे सेनाबुम जाळले, तेच कार्न्यूत. त्यांचे गाव गेले, भाषा गेली. पण त्यांच्या नावाचा झिजलेला तुकडा अटलांटिक ओलांडून मिसिसिपीकाठच्या एका रस्त्याच्या पाटीवर जाऊन बसला. तिथले लोक त्याला ‘चार्टर्स’ म्हणतात. पॅरिसकराला कळणारही नाही. जिभांचे काम तिथेही चालूच आहे.

जॉन लॉचा कागदी मनोरा १७२० मध्ये कोसळला. १७२२ मध्ये वादळाने गावातल्या झोपड्या भुईसपाट केल्या. १७२३ मध्ये रीजंट मेला. अशा वेळी ते नाव पुसले जायला हवे होते. ते का टिकले?

ते टिकले कारण तिथे माणसे राहिली होती, आणि त्यांतली फार थोडी आपखुशीने आली होती. फ्रान्सच्या तुरुंगांतून काढून पाठवलेले लोक होते. १७१९ पासून आफ्रिकेतून, विशेषतः सेनेगलच्या बाजूने, गुलाम म्हणून लादून आणलेली माणसे होती. त्यांनीच पाण्याला अडवणारे बांध घातले, जमीन कसायला आणली. पुढे सत्ता स्पेनकडे गेली. १७८८ आणि १७९४ मध्ये दोन मोठ्या आगी लागल्या आणि गाव स्पॅनिश अमलात पुन्हा बांधले गेले. म्हणजे ज्याला आज ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणतात तिथली जुनी घरे पुष्कळशी स्पॅनिश काळातली! स्पेनने ते फ्रान्सला परत दिले, आणि १८०३ मध्ये नेपोलियनने सारा लुइझियाना प्रांत दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकला. १८०९ मध्ये हैतीच्या क्रांतीनंतर परागंदा झालेले नऊ हजारांवर लोक क्यूबामार्गे तिथे आले आणि गाव एका वर्षात जवळजवळ दुप्पट झाले. गावात ‘काँगो स्क्वेअर’ नावाचे मैदान आहे. तिथे रविवारी गुलामांना जमण्याची मुभा असे. ते आपली वाद्ये वाजवत, नाचत. जाझ संगीताचा एक मोठा झरा त्या मैदानातून वाहत आला आहे. त्याच गावात १९०१ मध्ये लुई आर्मस्ट्राँग जन्मला. फ्रान्सच्या राजांचे नाव असलेला हा गरीब काळा मुलगा पुढे तुतारी वाजवून जगाला वेड लावणार होता. त्या गावाचे नाव जगाला ठाऊक झाले ते अशांमुळे. रीजंटाचे नाव आज अभ्यासकांपुरते उरले आहे.

हे नाव इतरत्रही गेले. कॅनडात क्वेबेकजवळ नदीत एक बेट आहे. झाक कार्तिए या दर्यावर्द्याने तिथे रानद्राक्षे पाहून १५३५ मध्ये त्याला मद्याच्या देवाचे, बाकसचे, नाव दिले. पण पुढे राजपुत्राच्या मानासाठी ते ‘ईल द ऑर्लेआँ’ झाले. इथेही तीच पदवी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर १७९७ पासून एक ‘ऑर्लिअन्स’ आहे. पहिल्या महायुद्धात, २१ जुलै १९१८ रोजी, एका जर्मन पाणबुडीने त्या गावासमोरच्या जहाजांवर तोफा डागल्या आणि काही गोळे किनाऱ्यावरही पडले. फ्रान्समधल्या जुन्या ऑर्लेआँवर बाँब पडले ते १९४० च्या जूनमध्ये. तेव्हा शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, आणि लोकांनी तो पुन्हा बांधला.

नव्या ऑर्लिअन्सवरचा घाला मात्र पाण्याचा होता. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना हे वादळ आले, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. लक्षावधी माणसे परगावी पांगली. कित्येक परतलीच नाहीत. त्यांना ‘कुठले तुम्ही?’ असे विचारले, तर उत्तर एकच येई. ज्या नावाच्या जन्माला गावचा एकही माणूस साक्षी नव्हता, ते नाव आता बुडालेल्या घरांच्या माणसांनी काळजाशी धरले होते. मुलाचा तर्क चुकला असे मी मघाशी म्हणालो. तो पुरता चुकला नव्हता. तो तीनशे वर्षे लवकर आला होता, इतकेच.

महिन्याभराने मी त्याला बोलावून हे सारे सांगितले. फ्रेंच क्वार्टरमध्ये जोनचा सोनेरी घोडेस्वार पुतळा आहे, हेही सांगितले. ज्या मुलीला अमेरिका नावाचा खंड आहे हेच ठाऊक नव्हते, ती त्या गावच्या रस्त्यावर घोड्यावर बसून उभी आहे! म्हणजे त्याचे टिंब अगदीच वाऱ्यावर नव्हते. गुण काही मी वाढवले नाहीत; नियम तो नियम. पण वर्गात मी हसलो ते बरे झाले नाही, एवढे त्याला सांगितले.

तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “सर, आन् त्याच्या आदी तिथं काय म्हणायचे?”

सुदैवाने या वेळी उत्तर माझ्याजवळ होते. फ्रेंच येण्यापूर्वी ती जागा मोकळी नव्हती. नदी आणि सरोवर यांच्यामधली ती वाट तिथल्या मूळ लोकांची जुनी वाट होती. अनेक जमाती तिथे देवघेवीला जमत. चॉक्टॉ भाषेत त्या जागेला ‘बुलबांचा’ म्हणत. अर्थ असा की, जिथे परक्या भाषा ऐकू येतात, अनेक भाषा बोलल्या जातात ती जागा. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी, हैतीचे, इंग्रजी बोलणारे, सगळे पुढे तिथे आलेच. पॅरिसमध्ये कागदावर लिहिलेल्या नावापेक्षा हे जुने नाव त्या गावाला जास्त शोभणारे होते. तिथल्या मूळ जमातींचे वंशज आजही ते नाव आग्रहाने उच्चारतात.

श्रोतेहो, सेनाबुमवर ऑरेलियनचे नाव बसले आणि बुलबांचावर त्याच नावाचा नवा अवतार बसला. गावांची नावे बदलणारे समजतात, आपण दगडावर रेघ ओढली. वस्तुतः नावात काय भरायचे ते पुढे तिथे राबणारी, जगणारी माणसे ठरवतात. आणि नाव पुसले जाते तेही सम्राटाने हुकूम काढला म्हणून नव्हे. ते उच्चारणारा शेवटचा माणूस गप्प होतो, तेव्हा ते पुसले जाते.

तो मुलगा जाताना म्हणाला, “आमच्या गावाचं नाव हाय सर. पण खालच्या रानांची नावं आजीलाच ठावं हायेत.” आजी अजून ‘गावाकडं’ म्हणते तेव्हा धरणाच्या पाण्याकडे बोट करते.

मी त्याला एक कोरी वही दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो ती घेऊन आला. आजीने सांगायचे आणि नातवाने लिहायचे, असे त्यांनी सुट्टीभर केले होते. कुठली पट्टी, कुठला मळा, कुठला ओढा, कुठली विहीर, कुठल्या चिंचेखाली बैल बांधत, सगळे क्रमाने. एकंदर त्रेसष्ट नावे भरली. त्यांतले एकही कोणत्या नकाशात असेल असे मला वाटत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने स्वतःच एक नकाशा काढला होता, आणि या वेळी टिंबे कुठे द्यायची ते त्याला कोणी सांगावे लागले नव्हते.